माशांच्या पिल्लांचं उष्टावण

(सामुदायिक रेडिओवर महिला गटांसाठी झालेलं भाषण)

आज बोलायला आमच्या बचत गटातल्या आम्ही दोघी आलो आहोत. पण जे सांगणार आहोत ते गटातल्या सगळ्याजणींनी मिळून शिकलेलं आहे, म्हणून "आम्ही" असंच म्हणू.

मासे आपल्याला नवे नाहीत. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी या किनाऱ्यावरच्या घरांत तर मासळीवरच चूल पेटते. आत गावाकडे गप्पी मासाही सगळ्यांच्या ओळखीचा आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याची माणसं तो विहिरीत, टाक्यांत सोडतात. त्याच गप्पीचे रंगीत भाऊबंद, शिवाय मॉली, गोल्डफिश, गुरामी, फायटर हे शोभेचे मासे मुंबईच्या बाजारात विकले जातात. बोईसरच्या वसाहतीतल्या घरांतही काचेच्या टाक्या दिसतात. हे मासे परसात वाढवावेत असं आमच्या गटाने ठरवलं. आज आम्ही त्या धंद्यातली एकच गोष्ट सांगणार आहोत. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पहिल्या पंधरा दिवसांत काय खायला घालायचं, आणि ते घरच्या घरी कसं तयार करायचं?

आधी आमची फजिती सांगतो.

गटातून कर्ज काढून आम्ही काचेच्या टाक्या आणल्या. फायटर माशाची एक जोडी आणली. नराने पाण्यावर फेसाचं घरटं केलं, मादीने अंडी घातली, दोन दिवसांत पिल्लं निघाली. सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके घरट्याखाली लोंबत होते. आम्ही मोजायला बसलो. दोनशेच्या पुढे मोजणं सोडून दिलं, इतका आनंद झाला होता. कोणाला किती विकायची, कर्ज कधी फेडायचं, सगळा हिशेब त्याच संध्याकाळी झाला.

पिल्लं पोहायला लागल्यावर आम्ही उकडलेल्या अंड्याचं पिवळं बलक पाण्यात कालवून टाकलं. कोणीतरी तसं सांगितलं होतं. शिवाय दुकानातलं माशांचं खाद्य बारीक कुटून टाकलं. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झालं, वास यायला लागला. तिसऱ्या दिवशी तळाशी पांढरे धागे दिसले. ती मेलेली पिल्लं होती. आठवड्याच्या आत टाकी रिकामी झाली. आम्हाला वाटलं रोग आला. कोणी म्हणालं, दृष्ट लागली. औषध आणलं, पैसे घातले. औषध कोणाला द्यायचं? पिल्लंच उरली नव्हती.

नंतर जाणत्यांना विचारलं तेव्हा कळलं. रोग नव्हता. पिल्लं उपाशी मेली होती, आणि न खाल्लेलं अन्न कुजून त्यांच्याच पाण्यात विष झालं होतं.

हे कसं होतं ते बघा. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा त्याच्या पोटाला बलकाची छोटी पिशवी चिकटलेली असते. दोन-तीन दिवस ते त्या शिदोरीवर जगतं. शिदोरी संपली की ते आडवं होऊन पोहायला लागतं आणि पहिला घास शोधतं. या वेळी त्याचं तोंड इतकं लहान असतं की कुटलेल्या खाद्याचा कणही त्याच्या तोंडात मावत नाही. आणि दुसरी गोष्ट. पिल्लाला हलणारी वस्तूच अन्न वाटते. तळाशी पडलेल्या भुकटीकडे ते बघतही नाही. म्हणजे टाकी अन्नाने भरलेली, आणि पिल्लू उपाशी.

आपण बाळाचं उष्टावण करतो. सहा महिने झाले की पहिल्याच दिवशी भाकरीचा तुकडा तोंडात देत नाही. आधी पेज, मग मऊ भात, मग वरण-भात. घास बाळाच्या तोंडाएवढा करतो. माशाच्या पिल्लाचंही उष्टावण असतं. त्याचा पहिला घास बारीक हवा, जिवंत हवा आणि वेळेवर हवा. बाळाला सहा महिने मिळतात, पिल्लाला मिळतात दोन-तीन दिवस. म्हणून आमचं पहिलं सांगणं असं, की घास आधी तयार करा, जोडी नंतर सोडा.

आता चार घास सांगतो, लहानाकडून मोठ्याकडे. कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

पहिला घास इन्फुसोरिया. नाव अवघड आहे, वस्तू सोपी आहे. कुजणाऱ्या पाल्याच्या पाण्यात जे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव वाढतात, त्यांना हे नाव आहे. काचेची मोठी बरणी घ्या. जुन्या, तब्येतीने चांगल्या असलेल्या मासेटाकीतलं पाणी तिच्यात भरा. त्यात केळीच्या सालीचा हातभर नव्हे, बोटभर तुकडा टाका, किंवा कोबीचं एखादं पान, किंवा वाळलेल्या भाताच्या पेंढ्याच्या चार काड्या. तोंडाला जुन्या सुती साडीचं कापड घट्ट बांधा. बरणी उजेडात ठेवा, पण कडक उन्हात नको.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं गढूळ होईल आणि घाण वास येईल. घाबरून फेकू नका. हे जिवाणू वाढलेत. पुढच्या दोन-तीन दिवसांत त्या जिवाणूंना खाणारे इन्फुसोरिया वाढतात, पाणी पुन्हा निवळतं, थोडं पिवळसर दिसतं आणि वास कमी होतो. आता बरणी उजेडासमोर धरा. धुळीसारखे पांढरे कण स्वतःहून फिरताना दिसले, की घास तयार. मुलांच्या शाळेच्या दप्तरातलं भिंग असेल तर छानच दिसतं. पाणी निवळलंच नाही, काळं पडून सडका वास येत राहिला, तर साल जास्त झाली असं समजा आणि नवी बरणी लावा.

पिल्लांच्या टाकीत हे पाणी दोन-तीन चमचे, दिवसातून तीन-चार वेळा टाकायचं. एकदम वाटीभर ओतायचं नाही. आणि एक बरणी लावून थांबायचं नाही. तीन दिवसांनी दुसरी, पुन्हा तीन दिवसांनी तिसरी. पहिली संपते तेव्हा दुसरी तयार असते. आपण दह्याचं विरजण जसं चालू ठेवतो, तसंच हे.

आता हिशेब करा. फायटरची अंडी घातल्यापासून पिल्लं खायला लागेपर्यंत चार-पाच दिवस जातात. बरणी तयार व्हायला पाच ते सात दिवस लागतात. म्हणजे अंडी दिसल्यावर बरणी लावली तर उशीर झाला. जोडी एकत्र सोडायच्या तीन-चार दिवस आधी बरणी लागली पाहिजे. आमच्या पहिल्या वेळी हाच हिशेब चुकला होता.

गप्पी, मॉली यांचं वेगळं. ते अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. ती पिल्लं मोठी असतात, त्यांना इन्फुसोरियाची गरज पडत नाही. ज्या ताईंना आजच सुरुवात करायची आहे त्यांनी गप्पीपासूनच करावी. गुरामीचं पिल्लू मात्र फायटरपेक्षाही बारीक. तिथे इन्फुसोरियाशिवाय इलाज नाही.

दुसरा घास मायक्रोवर्म. हे पांढरे, केसासारखे बारीक जंत आहेत, लांबी एक-दोन मिलिमीटर. माणसाला यांचा त्रास नाही. याचं मात्र विरजण लागतं. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून चमचाभर मागून आणायचं. प्लास्टिकचा झाकणाचा पसरट डबा घ्या, झाकणाला सुईने भोकं पाडा. गव्हाच्या पिठाची किंवा ओट्सची घट्ट खळ शिजवून, पूर्ण थंड करून, डब्यात बोटभर जाडीचा थर द्या. वर चिमूटभर बेकरीचं यीस्ट भुरभुरा आणि मध्ये विरजण ठेवा. चार-पाच दिवसांत जंत डब्याच्या भिंतीवर चढतात. भिंत ओली, चमकणारी आणि वळवळणारी दिसते. स्वच्छ बोटाने किंवा रंगाच्या ब्रशने ते पुसून घ्यायचे आणि टाकीत झटकायचे. खळ टाकीत जाऊ द्यायची नाही.

याचा फायदा असा की हे जंत पाण्यात कित्येक तास जिवंत राहतात. शेतावर जायचं असेल तर सकाळी टाकून निघता येतं. तोटा असा की ते तळाला बसतात, आणि एकट्या यांच्यावर पिल्लू धड वाढत नाही. दोन-तीन आठवड्यांनी खळ पातळ होते, आंबट-सडका वास येतो. त्याआधी नवा डबा लावून ठेवायचा.

तिसरा घास मोयना. हा आमचा लाडका. मोयना म्हणजे पाण्यातली पिसू. ती चावत नाही, पाण्यात झटके देत उडते म्हणून तिला पिसू म्हणतात. पावसाळ्यानंतर तळ्यांत, डबक्यांत आपोआप दिसते. डाफ्निया नावाची तिची मोठी बहीण आहे. पण डाफ्नियाला थंड पाणी आवडतं, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. मोयना गरम पाण्यात टिकते. तिचं नवं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान असतं, त्यामुळे आठ-दहा दिवसांच्या मत्स्यपिल्लाच्या तोंडात मावतं.

शंभर लिटरचा प्लास्टिकचा टब किंवा कापलेलं पिंप घ्या. ज्या पिंपात पूर्वी रसायन होतं ते नको, कितीही धुतलं तरी नको. वसाहतीच्या भंगारात अशी पिंपं स्वस्त मिळतात, मोह होतो, पण घेऊ नका. टब सावलीत, पण उजेड येईल असा ठेवा. पावसाचं किंवा विहिरीचं पाणी उत्तम. नळाचं असेल तर औषधाचा वास जाईपर्यंत एक-दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग वापरा. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या बोअरचं पाणी तिला चालत नाही.

मोयना खाते काय? हिरवं पाणी आणि यीस्ट. हिरव्या पाण्यासाठी वेगळी बादली उन्हात ठेवायची. मासेटाकीतलं काढलेलं पाणी तिच्यात ओतायचं, मूठभर शेंगदाण्याची पेंड फडक्यात बांधून सोडायची. आठ-दहा दिवसांत पाणी पोपटी हिरवं होतं. रोज त्यातले दोन तांबे मोयनाच्या टबात ओतायचे. हिरवं पाणी नसेल तर चहाचा अर्धा चमचा यीस्ट कोमट पाण्यात विरघळवून शंभर लिटरला टाकायचं. पुन्हा कधी टाकायचं? टबातलं पाणी स्वच्छ दिसायला लागलं की. पाणी अजून गढूळ असताना टाकलं तर ते सडतं आणि एका रात्रीत सगळी मोयना मरते. आमचा एक टब असाच गेला, वहिनींनी प्रेमाने दुप्पट यीस्ट घातलं होतं.

मोयना गरम दिवसांत चार-पाच दिवसांत वयात येते आणि पिल्लं द्यायला लागते. टब भरला की रोज पाचवा हिस्सा काढायचा. मलमलीच्या कापडाने गाळायची, साध्या पाण्यात खळबळून घ्यायची आणि पिल्लांना द्यायची. काढलीच नाही तर दाटी होऊन उपासमार होते आणि टब बसतो. ती लाल दिसायला लागली तर समजायचं की पाण्यात हवा कमी आहे. थोडी काढून घ्या, थोडं पाणी बदला. आणि टब नेहमी दोन ठेवा, एक बसला तरी दुसऱ्यातून बी मिळतं.

चौथा घास आर्टेमिया. ही खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी म्हणा. हिची अंडी वाळवून डब्यात भरून विकतात. तपकिरी रंगाची, बारीक रव्यासारखी दिसतात. जगभरात विकली जाणारी बरीचशी अंडी अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेक नावाच्या खाऱ्या सरोवरातून येतात. 1930 च्या दशकात तिकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की माशांच्या पिल्लांना हा घास फार मानवतो, आणि तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांत ती वापरली जाते. पण ही काही परकी नाही. मुंबईच्या वडाळ्याच्या मिठागरांतही आर्टेमिया सापडल्याची जुनी नोंद आहे. वसई-भाईंदरकडची मिठागरं आपण गाडीतून बघतो, तसल्याच दाट खाऱ्या पाण्यात ती राहते.

अंडी फोडायची कृती अशी. दोन लिटरची शीतपेयाची बाटली घ्या, तळ कापा, उलटी टांगा, बूच घट्ट लावा. एक लिटर पाण्यात 25 ग्रॅम मीठ घाला. काटा नसेल तर चहाचे पाच सपाट चमचे. मीठ आपलं खडे मीठ कुटून घ्या. चिमूटभर खायचा सोडा घाला. पाव चमचा अंडी टाका. हवेच्या छोट्या पंपाची नळी तळापर्यंत सोडा, म्हणजे अंडी खाली न बसता फिरत राहतील. वर दिवा ठेवा. आपल्या हवेत चोवीस तासांत, फार तर दीड दिवसात, पाणी केशरी दिसायला लागतं. ती पिल्लं.

आता हवा बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात. बाटलीच्या बाजूला टॉर्च धरला की जिवंत पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. तिथून नळीने ओढून घ्या, कापडावर गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच खायला द्या. लगेच का? जन्मल्यावर पहिले काही तास त्यांच्या पोटात बलक असतं, तोच खरा पौष्टिक भाग. शिवाय गोड्या पाण्यात ती काही तासच जगतात. जेवढी अर्ध्या तासात संपतील तेवढीच टाका. पिल्लांची पोटं केशरी दिसली की समजायचं, पोर जेवलं.

आर्टेमियाला दोन अडचणी. अंड्यांचा डबा महाग असतो. आणि वीज लागते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून आम्ही सगळा भार आर्टेमियावर टाकत नाही. इन्फुसोरिया आणि मोयनाला वीज लागत नाही. डबा उघडला की अंडी कोरड्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवा. दमट हवा लागली की ती फुटायची बंद होतात.

हे झाले चार घास. आता दोन गोष्टी करू नका म्हणून सांगतो. त्या या भाषणातल्या सर्वांत महत्त्वाच्या आहेत.

पहिली. नाल्यातले लाल किडे आणू नका. ट्युबिफेक्स म्हणतात त्यांना. गटाराच्या चिखलात लाल गुंता दिसतो, हात घातला तर फुकट मिळतो, आणि मासे ते आवडीने खातात. पण हे किडे घाणीतच वाढतात. जिथे हवा नाही, सांडपाणी आहे, तिथेच त्यांची दाटी होते. त्या चिखलात जे काही असेल, रोगजंतू असोत की शिसं-पारा यांसारखे जड धातू, ते त्यांच्या अंगात येतं. आपण राहतो औद्योगिक वसाहतीच्या शेजारी. तारापूरच्या सांडपाण्यावरून आपल्या मांगेला समाजाच्या परिषदेला राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावं लागलं, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या बाजूच्या नाल्यांत उतरून किडे काढायचे म्हणजे माशांच्या आधी आपल्याच हातापायांना धोका. पोरांना तर मुळीच पाठवू नका. चार घास घरात तयार होत असताना नाल्यात जायचं कशाला?

इथे मोयनाचा आणखी एक उपयोग सांगतो. पाण्यात कीटकनाशक किंवा रसायन थोडं जरी असलं तरी पाण्यातली पिसू आधी मरते. म्हणूनच कारखान्याचं पाणी किती विषारी आहे हे तपासायला जगभरच्या प्रयोगशाळांत तिची मोठी बहीण डाफ्निया वापरतात. आम्हीही नवं पाणी टाकीत ओतण्याआधी एका पेल्यात घेतो, दहा मोयना सोडतो आणि एक दिवस बघतो. दहाही उडत असल्या तर पाणी टाकीत जातं. मेल्या, तर ते पाणी वापरत नाही. चिकूच्या वाडीत फवारणी झाल्यावर शेजारच्या विहिरीच्या पाण्यात आमच्या मोयना मेल्या होत्या. ते पाणी टाकीत गेलं असतं तर पिल्लं गेली असती. पण लक्षात ठेवा, ही माशांपुरती तपासणी आहे. माणसाने प्यायचं पाणी चांगलं की वाईट हे मोयना सांगत नाही, त्यासाठी ग्रामपंचायतीतून पाण्याचा नमुना तपासणीला पाठवा.

दुसरी गोष्ट. डासांच्या अळ्या वाढवू नका. अळी मासे खातात, खरं आहे. मग बादली उघडी ठेवली की फुकट खाद्य, असं वाटतं. आमच्यातही एकीला वाटलं होतं. मागच्या अंगणात तिच्या दोन बादल्या होत्या. आशाताई पाहणीला आल्या आणि त्यांनी आम्हाला सगळ्यांदेखत सुनावलं. बरोबरच सुनावलं. गरम हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. एक दिवस अळ्या काढायच्या राहिल्या की डास उडाले. डेंग्यूचा डास तर घराजवळच्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. चार माशांसाठी शेजारणीचं लेकरू तापाने फणफणलं तर तो धंदा काय कामाचा? म्हणून आमचा नियम आहे. प्रत्येक बरणीला, टबाला, हिरव्या पाण्याच्या बादलीला कापड किंवा बारीक जाळी घट्ट बांधलेली पाहिजे. आठवड्यातून एक दिवस गटातल्या दोघी सगळ्यांच्या घरी फिरून बघतात. जाळी फाटलेली दिसली की गटात दहा रुपये दंड. अळी दिसलीच तर गाळून माशांना घालतो, पण मुद्दाम वाढवत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट. नको झालेले मासे ओढ्यात, तळ्यात सोडू नका. बाहेरचे मासे आपल्या गावठी माशांच्या पोटावर पाय देतात.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, एवढी उस्तवार एकट्या बाईने कधी करायची? एकटीने नाहीच करायची. आम्ही कामं वाटून घेतली आहेत. दोघींकडे इन्फुसोरियाच्या बरण्या. एक काकी गुडघ्यांमुळे फार फिरू शकत नाहीत, त्यांच्याकडे मायक्रोवर्मचे डबे. ते काम बसल्या जागी होतं. ज्यांच्या परसात आंब्याची सावली आहे त्यांच्याकडे मोयनाचे टब. आर्टेमियाची बाटली एकीकडेच, आणि ती पिल्लं निघाली की सगळ्यांना वाटते. एकीचं बी बसलं तर दुसरीकडून मिळतं. आजारपण असो, लग्नकार्य असो, लावणीचे दिवस असोत, पिल्लं उपाशी राहत नाहीत. बचत गटात आपण पैसे असेच वाटून सांभाळतो, तसंच हे.

दुसऱ्या खेपेला आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. आधी बरणी. मग चार दिवसांनी जोडी. अंडी घातल्यावर मादी बाहेर. पिल्लं आडवी पोहायला लागली की नर बाहेर आणि त्याच दिवशी पहिला चमचा इन्फुसोरिया. चौथ्या दिवसापासून मायक्रोवर्म आणि आर्टेमिया. दहाव्या दिवसापासून बारीक मोयना. तीन आठवड्यांनी हळूहळू कोरडं खाद्य. रोज तळाची घाण नळीने ओढून तेवढंच जुनं पाणी भरायचं. काही पिल्लं तरीही गेली, ती जाणारच. पण निम्म्याहून जास्त जगली आणि विकण्याएवढी झाली. त्या पैशांतून कर्जाचा पहिला हप्ता गेला. मोठी रक्कम नव्हती. पण ज्या टाक्यांकडे बघून घरचे हसत होते, त्या टाक्यांसमोर आता सासरे संध्याकाळी खुर्ची टाकून बसतात आणि आम्हाला विचारतात, पोरं जेवली का?

ज्यांना हा धंदा करायचा आहे त्यांनी आधी चौकशी करा. पालघरला मत्स्यव्यवसाय विभागाचं जिल्हा कार्यालय आहे. डहाणू तालुक्यात कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपनासाठी 3 लाख रुपयांचा प्रकल्प खर्च धरला होता आणि महिलांसाठी 60 टक्के अनुदानाची तरतूद होती. आता काय चालू आहे, अर्ज कधी घेतात, हे कार्यालयातच विचारा. मध्यस्थाला पैसे देऊ नका. पण अनुदानाची वाट बघत बसायचीही गरज नाही. एक बरणी, केळीची साल आणि जुन्या साडीचा तुकडा एवढ्यावर सुरुवात होते. आधी एक बरणी निवळून दाखवा, मग कर्जाचा विचार करा. आम्ही उलटं केलं, म्हणून सांगतो.

आपल्या जिल्ह्यात बाळाचं वजन, बाळाचा पहिला घास याबद्दल आपण अंगणवाडीत पुष्कळ ऐकतो. पोट भरायला नुसतं अन्न असून चालत नाही, ते त्या जिवाला खाता आलं पाहिजे, आणि वेळेवर मिळालं पाहिजे. हे आपल्याला आई म्हणून आधीपासून कळतं. तेच टाकीसमोर उभं राहिल्यावर आम्ही विसरलो होतो. तुम्ही विसरू नका.

ज्यांना मायक्रोवर्मचं विरजण किंवा मोयनाचं बी हवं असेल त्यांनी रेडिओ केंद्रावर निरोप ठेवावा. झाकणाची बाटली घेऊन या, आम्ही भरून देऊ. पैसे नकोत. तुमच्याकडे वाढलं की पुढच्या गटाला द्या, एवढंच.